देवाचा अधिकार मानणे म्हणजे काय?

दर रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर स्वीकारण्याच्या अगदी आधी आम्ही कॅथलिक एक वाक्य म्हणतो. प्रभू, तू माझ्या छपराखाली यावेस एवढी माझी योग्यता नाही, पण तू एक शब्द बोल आणि माझा आत्मा बरा होईल, असा त्याचा आशय आहे. हे वाक्य कोणा संताचे किंवा धर्मगुरूचे नाही, आणि मुळात ज्याने ते उच्चारले तो यहुदीही नव्हता. कफर्णहूममधला तो एक परजातीय शताधिपती होता, म्हणजे शंभर शिपायांवरचा अंमलदार. त्याचा चाकर घरी आजारी पडला होता. येशू ‘मी येतो’ म्हणाला, तेव्हा त्याने सांगितले की येण्याची गरज नाही. मीही दुसऱ्याच्या हुकमाखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत, मी एकाला ‘जा’ म्हणतो आणि तो जातो. हे ऐकून येशूला आश्चर्य वाटले, असे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, आठव्या अध्यायात लिहिले आहे. चारही शुभवर्तमानांत येशूला आश्चर्य वाटल्याचा उल्लेख दोनच प्रसंगी येतो: एकदा स्वतःच्या गावच्या लोकांचा अविश्वास पाहून, आणि एकदा या परक्या माणसाचा विश्वास पाहून.

कोल्हापुरात मी रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देते. मागे एकदा हाच उतारा शिकवत असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, देवाचे ऐकायचे हे कळले. पण देव काही आपल्याशी बोलत नाही, बोलतात ते फादर. मग फादरच चुकले तर?” त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. कामाच्या ठिकाणच्या प्रॉटेस्टंट मैत्रिणी बायबल हाती असताना मध्ये पोप कशाला असे विचारतात, आणि शेजारच्या वहिनी तुमच्यात पोप सांगतील तेच खरे ना, असे विचारतात, तेव्हा प्रश्न तोच असतो. त्या मुलीला जे नीट सांगायला हवे होते ते येथे सविस्तर मांडते.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करता येईल, कारण मराठीने या विषयातले अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. आपण ‘अधिकार’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. तहसीलदारांना सही करण्याचा अधिकार असतो, तो खुर्चीबरोबर येतो आणि बदलीबरोबर जातो. पण एखाद्या बुजुर्ग गायकाविषयी आपण ‘त्यांचा गाण्यात मोठा अधिकार आहे’ असे म्हणतो, तेव्हा कोणत्याही खुर्चीचा संबंध नसतो. त्यांना ती गोष्ट आतून ठाऊक आहे आणि म्हणून त्यांचा शब्द आपण प्रमाण मानतो, एवढाच अर्थ असतो. येशूने कफर्णहूमच्या सभास्थानात शिकवले तेव्हा लोक थक्क झाले, कारण तो शास्त्र्यांसारखा नव्हे तर अधिकार असलेल्यासारखा शिकवत होता, असे मार्क लिहितो. हा अधिकार दुसऱ्या प्रकारचा आहे. ज्याने माणूस घडवला त्याला माणसाचे भले कशात आहे हे ठाऊक आहे, म्हणून त्याचा शब्द मानायचा. त्याच्या हातात शिक्षा आहे म्हणून मानणे ही वेगळी गोष्ट झाली, आणि धर्मशिक्षणात आपण कधीकधी मुलांना नकळत तेच शिकवतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता शताधिपतीकडे परत येऊ. त्याच्या बोलण्यातला बारकावा सहज निसटतो. ‘माझ्या हाताखाली शिपाई आहेत’ हे तो नंतर म्हणतो. आधी म्हणतो, ‘मीही हुकमाखालचा माणूस आहे’. शिपाई त्याचे ऐकतात ते त्याच्या दंडातल्या ताकदीमुळे नव्हे, तो स्वतः वरच्या कोणाचे तरी ऐकतो म्हणून. ज्या दिवशी तो वरचा हुकूम झुगारून स्वतःचा हुकूम चालवू लागेल, त्या दिवशी तो अंमलदार राहणार नाही, पुंड होईल. येशूचा अधिकारही पित्याच्या इच्छेशी एकरूप असण्यातून येतो, हे त्या परक्याने ओळखले. कॅथलिक श्रद्धेत अधिकाराविषयी जे जे पुढे येते, मग तो पोपचा असो, बिशपांचा असो किंवा घरातल्या आईवडिलांचा असो, ते सारे या एका कसोटीवर तपासता येते: जो हुकूम देतो तो स्वतः कोणाच्या हुकमाखाली आहे?

येशूचा शिष्य पेत्र, ज्याला आम्ही पहिला पोप मानतो, त्याला दिलेल्या किल्ल्यांचा अर्थही असाच लागतो. मत्तयच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना यशया संदेष्ट्याच्या बाविसाव्या अध्यायाची आठवण होणे साहजिक होते. तेथे हिज्कीया राजाच्या दरबारातील एका कारभाऱ्याला काढून एल्याकीम याच्या खांद्यावर दावीदाच्या घराण्याची किल्ली ठेवली जाते. तो उघडील ते कोणी बंद करणार नाही आणि तो बंद करील ते कोणी उघडणार नाही. संस्थानात वाढलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळे समजवावे लागत नाही. कारभाऱ्याच्या कमरेला किल्ल्या असतात, वाड्यातली माणसे त्याचे ऐकतात, पण वाडा त्याच्या मालकीचा नसतो. पहिल्या कारभाऱ्याने वाडा स्वतःचा समजायला सुरुवात केली, म्हणूनच त्याची किल्ली गेली, हे यशयाच्या त्याच अध्यायात आहे आणि ते वाचायला आपण विसरू नये.

मध्ये माणसे कशाला, या मैत्रिणींच्या प्रश्नाचे उत्तर मी गुऱ्हाळाच्या उदाहरणाने देते, कारण माझे बालपण कागल तालुक्यात अशाच एका गुऱ्हाळाच्या शेजारी गेले. काहिलीत रस उकळू लागला की वर मळी येते, ती काढावी लागते, जाळ कमीजास्त करावा लागतो, आणि या सगळ्यात गुळव्या एका बाजूला उभा राहून फक्त बघत असतो. बुडबुड्यांचा आकार बदलतो, वास बदलतो. मग तो थोडा पाक घेऊन पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतो आणि ‘उतरा’ म्हणतो. त्या क्षणी ज्याचा ऊस आहे तो बागायतदारसुद्धा ‘थांबा जरा’ म्हणत नाही. आता या गुळव्याचा अधिकार कसला? उसात गोडी त्याने घातलेली नाही, ती शेतातूनच आली. तो पाकावर हुकूम चालवत नाही, पाक काय सांगतो ते ऐकतो आणि इतरांना सांगतो. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या दहाव्या परिच्छेदात हेच म्हटले आहे: ख्रिस्तसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, शिकवण देण्याचा अधिकार देवाच्या शब्दापेक्षा वरचढ नाही, तो त्या शब्दाची सेवा करतो, आणि जे सोपवले गेले आहे तेवढेच शिकवतो.

उदाहरण एका ठिकाणी तोकडे पडते, तेही सांगायला हवे. गुळव्याची नजर त्याच्या स्वतःच्या अनुभवाची कमाई असते. ख्रिस्तसभेचा भरवसा बिशपांच्या हुशारीवर उभा नाही. सत्याचा आत्मा तुम्हाला सर्व सत्यात नेईल, हे येशूने शिष्यांना दिलेले वचन योहानच्या सोळाव्या अध्यायात आहे, आणि आमचा विश्वास त्या वचनावर आहे. पेत्र पहिला पोप ठरला तो सर्वांत विद्वान होता म्हणून नव्हे. कोंबडा आरवण्यापूर्वी येशूला तीनदा नाकारणारा माणूस तो हाच.

शेजारच्या वहिनींचा प्रश्न राहिला. पोप सांगतील ते सगळेच खरे, असे कॅथलिक मानत नाहीत, आणि दुर्दैवाने हे बऱ्याच कॅथलिकांनाही ठाऊक नसते. पोपच्या अचूकपणाची व्याख्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी केली, आणि तिच्या अटी कडक आहेत: पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ व शिक्षक या नात्याने बोलत असले पाहिजेत, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे, आणि ही शिकवण साऱ्या ख्रिस्तसभेने कायमची मानावी असे ते निर्णायकपणे घोषित करत असले पाहिजेत. त्या व्याख्येनंतर अशी औपचारिक घोषणा एकदाच झाली. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप पायस बारावे यांनी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे येशूची आई देहासह स्वर्गात घेतली गेली या शिकवणीची, घोषणा केली. तो सण आपल्याकडे स्वातंत्र्यदिनाच्याच दिवशी, १५ ऑगस्टला येतो. विमानात पत्रकारांना पोपनी दिलेले उत्तर, एखाद्या राजकीय घटनेवरचे त्यांचे मत, हे त्या वजनाचे बोलणे नव्हे. मात्र याचा अर्थ बाकीची शिकवण ऐच्छिक आहे असाही होत नाही. येशूचे पुनरुत्थान मानायला पोपच्या घोषणेची वाट कोणी पाहिली नाही, ते पहिल्या दिवसापासून श्रद्धेचे मूळ आहे. आणि पोप व बिशप आपल्या नेहमीच्या शिकवणीत जे सांगतात ते आदराने ऐकून, मन मोकळे ठेवून स्वीकारायचे असते, आवडले तर घ्यावे अशा वृत्तीने नव्हे.

याखेरीज शिस्तीचे नियम असतात. ते बंधनकारक असले तरी बदलू शकतात. माझ्या आजीच्या तरुणपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नसे. १९५३ मध्ये पाण्याची सवलत मिळाली, १९५७ मध्ये तो उपास तीन तासांवर आला आणि १९६४ पासून तो एका तासाचा आहे. मिस्सा त्या काळी लॅटिनमध्ये होत असे, आणि शताधिपतीचे वाक्य आजी लॅटिनमध्ये, अर्थ न कळता पाठ म्हणत असे. पहिल्यांदा ते मराठीत ऐकले तेव्हा डोळ्यांत पाणी आले, असे ती सांगायची. प्रायश्चित्तकाळातल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे, हाही शिस्तीचाच नियम आहे. तो १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू असतो, आणि त्या काळाच्या पहिल्या दिवसाचा, म्हणजे राखेच्या बुधवारचा, व उत्तम शुक्रवारचा (गुड फ्रायडेचा) उपास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत असतो. योग्य कारण असेल तर एखाद्याला त्यातून सूट देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, प्रमुख धर्मगुरूंनाही आहे. कोल्हापुरात नेमक्या अशा शुक्रवारी कोणाकडे तरी जेवणाचे आमंत्रण असते आणि चुलीवर तांबडा रस्सा रटरटत असतो. अशा वेळी यजमानांना आधीच फोन करून सांगितले तर ते आनंदाने पिठले करतात, हा माझा आजवरचा अनुभव आहे. मुद्दा मटणाचा नाही. एवढ्याशा गोष्टीतसुद्धा आपल्या जिभेपेक्षा दुसऱ्या कोणाचा तरी शब्द मोठा आहे, याची देहाला सवय लागावी म्हणून हे नियम आहेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. फादर चुकले तर?

मी पंचविशीत असताना दुसऱ्या एका गावी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मागायला, गेले होते. तेथील धर्मगुरू माझ्यावर एवढे ओरडले की बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायांनी मान खाली घातली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी पापनिवेदनाला गेले नाही. मला परत आणले ते संत ऑगस्टीन यांच्या एका विचाराने. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला छळाच्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्माधिकाऱ्यांनी पवित्र ग्रंथ सैनिकांच्या स्वाधीन केले होते, आणि अशा भ्रष्ट हातांनी दिलेले संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, पापक्षमा यांसारखे पवित्र विधी, खरे नव्हेत, असे डोनाटिस्ट पंथाचे म्हणणे होते. ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाने दिला तरीही देणारा ख्रिस्तच. संस्काराचे बळ देणाऱ्याच्या चारित्र्यातून येत नाही, म्हणून त्याच्या अवगुणांनी ते आटतही नाही. त्या दिवशी त्या रागावलेल्या माणसाच्या तोंडून मिळालेली क्षमा खरीच होती, हे मला उशिरा कळले.

परंतु हाच विचार चुकीवर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो, तेव्हा त्याचा अपमान होतो. संस्कार खरा आहे म्हणून वागणूक बरोबर ठरत नाही. अंत्युखिया शहरात पेत्र परजातीय बांधवांबरोबर जेवायचे टाळू लागला तेव्हा पौल या प्रेषिताने त्याला तोंडावर विरोध केला, आणि तो प्रसंग ख्रिस्तसभेने लपवला नाही. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो आजही मोठ्याने वाचला जातो. १९८३ च्या धर्मसंहितेचे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे, २१२ वे कलम सांगते की ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत आदरपूर्वक धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, आणि प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत तर गप्प बसण्याला कोणताही आधार नाही. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ रोजी काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा प्रकरणांची माहिती देणे बंधनकारक केले, आणि आपल्या देशाच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचेच कर्तव्य आहे. शताधिपतीची कसोटी येथे लावून पाहा. जो देवाच्या हुकमाखालून बाहेर पडून लेकराला इजा करतो, त्याच्या झग्याकडे पाहून गप्प बसणे म्हणजे देवाचा अधिकार मानणे नव्हे.

एवढे सगळे झाले तरी निर्णयाच्या क्षणी माणूस एकटाच असतो, आणि तेथे ख्रिस्तसभा त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला फार मोठे स्थान देते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ७ डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात तिला माणसाचे सर्वांत आतले गर्भगृह मानले आहे, जेथे तो देवाबरोबर एकटा असतो आणि देवाचा आवाज ऐकतो. ‘मला वाटते ते खरे’ याला सद्सद्विवेकबुद्धी म्हणत नाहीत. ती घडवावी लागते, देवाच्या शब्दाने, प्रार्थनेने, जाणत्या माणसांच्या सल्ल्याने. पण घडवल्यानंतर तिचा निश्चित निर्णय पाळायचाच असतो.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासणीचे काम करत. महिनाअखेरीस ट्रक भरायचा होता आणि एका लॉटमधल्या बऱ्याच कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, ब्लोहोल (हवेची पोकळ छिद्रे) निघाले. वरून निरोप आला की सर्टिफिकेटवर सही करा, पुढचे आम्ही बघतो. त्यांनी फादरांना विचारले तेव्हा फादरांनी काय करावे ते सांगितलेच नाही. फक्त त्या कागदावर काय छापलेले असते, एवढे विचारले. ‘तपासले व योग्य आढळले’ असे छापलेले असते. खोटी साक्ष देऊ नको, ही देवाच्या दहा आज्ञांपैकी आमच्या गणनेत आठवी, प्रॉटेस्टंट बांधवांच्या गणनेत बहुधा नववी. ती न्यायालयातल्या पिंजऱ्यापुरतीच असावी असे त्या गृहस्थांना तोवर वाटत होते. त्यांनी सही केली नाही. सही दुसऱ्या कोणीतरी केली, ट्रक गेला, आणि यांची बदली स्टोअरमध्ये झाली, तीही रात्रपाळीला. येथे मला वाचकांना हे स्पष्ट सांगायचे आहे की देवाच्या शब्दावर विश्वास ठेवला की सगळे आपल्या मनासारखे होते, अशी शिकवण ख्रिस्तसभेने कधीही दिलेली नाही. निष्पाप माणसाला क्रुसावर खिळलेले पाहूनच तिची सुरुवात झाली.

म्हणून ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ सर्वांत जपून समजावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा जयंती नाल्याजवळच्या एका ताई मदत केंद्रातल्या सतरंजीवर बसून मला म्हणाल्या की ही देवाचीच इच्छा असेल, तर मी आता तक्रार तरी कोणाकडे करू? त्यांच्या घराच्या भिंतीला चिखलाची रेघ खिडकीच्या वर गेली होती. देव सर्वसत्ताधारी आहे म्हणजे प्रत्येक दुःख त्याने हेतुपुरस्सर धाडले, असे कॅथलिक श्रद्धा मानत नाही. तो काही गोष्टी होऊ देतो आणि त्यांतूनही भले घडवू शकतो, एवढेच ती सांगते, आणि दुःख का, या प्रश्नाला झटपट उत्तर नाही हेही ती कबूल करते. अटक होण्यापूर्वी गेथशेमाने बागेत येशूने ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ असे म्हणण्यापूर्वी ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी विनवणी केली होती. विनवणी करणे हा विश्वासाचा अभाव असता, तर त्याने ती केली नसती.

मी ताईंना त्या दिवशी बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून दाखवले. ते सगळे गाऱ्हाणेच आहे: देवा, तू मला खोल गर्तेत टाकलेस, तू आपले मुख माझ्यापासून का लपवतोस? इतर विलापस्तोत्रांत शेवटी कोठे तरी दिलाशाची ओळ येते, यात येत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते बाजूला ठेवले नाही. दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत जगभरचे धर्मगुरू आणि व्रतस्थ बहिणी हेच स्तोत्र म्हणतात, ज्यांच्या घरात त्या दिवशी काही अघटित घडलेले नाही तेसुद्धा. आणि त्याच प्रार्थनेत, या गाऱ्हाण्यानंतर थोड्याच वेळाने, दररोज रात्री म्हटली जाणारी ओळ येते: हे प्रभो, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. ताईंनी दोन्ही पुन्हा वाचायला सांगितले, त्याच क्रमाने.